कीळडी : चालू उत्खननात लोकांना आत येऊ दिलं तेव्हा काय काय झालं

आपल्याकडे एखाद्या गावात उत्खनन चालू असतं तेव्हा त्या गावाला त्यातलं नेमकं काय कळतं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय. दोरी बांधलेली असते, तंबू ठोकलेले असतात, एक वॉचमन असतो, आणि रोजंदारीवर गेलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन सांगतो की आज लई खापरं निघाली, झालं. दोन-चार हंगाम झाले की टीम गाशा गुंडाळते, वस्तू पुण्या-मुंबईला नाहीतर दिल्लीला जातात, रिपोर्ट इंग्रजीत येतो आणि तोही कधी कधी इतक्या उशिरा की खणणारेच रिटायर झालेले असतात, आणि गावात मागे उरते ती एकच गोष्ट की सोन्याचा हंडा निघाला होता, साहेब लोक रातोरात घेऊन गेले. पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड असलेल्या कुठल्याही गावात पारावर बसा, हंडा निघणारच.

म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. तमिळनाडूतलं कीळडी, शिवगंगा जिल्हा, मदुराईपासून साधारण १२ किलोमीटर, वैगई नदीच्या काठची नारळीची बाग. इथे उलटं झालं. लोक खड्ड्याच्या काठापर्यंत आले, काम चालू असताना आले, हजारोंनी आले, आणि त्याचा फायदा पण झाला आणि घोळ पण झाला. दोन्ही लिहायचंय, कारण मराठीत कीळडीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते एक तर "बघा केवढं जुनं" नाहीतर "बघा केवढं राजकारण" एवढंच असतं.

आधी काय घडलं ते

गोष्ट खरं म्हणजे शाळेपासून सुरू होते. १९७०च्या दशकात गावातल्या एका मास्तरांकडे मुलांनी विहीर खणताना निघालेल्या जुन्या वस्तू आणून दिल्या, मास्तरांनी त्या वरपर्यंत कळवल्या, आणि मग नेहमीसारखं काहीच झालं नाही, चाळीसेक वर्षं. पुढे २०१३-१४ मध्ये केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बेंगळुरूच्या उत्खनन शाखेने वैगईच्या दोन्ही काठांचा सर्व्हे केला, २९३ जागा नोंदवल्या आणि त्यातून कीळडी निवडलं. अमरनाथ रामकृष्ण हे प्रमुख. २०१४-१५ आणि २०१५-१६ असे दोन हंगाम झाले आणि विटांची बांधकामं, मातीच्या कड्या एकावर एक रचून केलेल्या विहिरी, पाणी वाहून न्यायच्या नाल्या असं बरंच निघालं. दक्षिणेत दफनं खूप सापडतात, वस्ती आणि तीही विटांची अशी फार सापडत नाही, त्यामुळे बातमी झाली.

बातमी झाली आणि पाठोपाठ भांडण झालं. वस्तू म्हैसूरला हलवायचं ठरलं तेव्हा २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात याचिका गेली की इथलं इथेच राहू द्या, इथेच म्युझियम करा. कोर्टाने हलवणं थांबवलं. २०१७ मध्ये अमरनाथ यांची बदली आसामात झाली, तिसऱ्या हंगामाला दुसरे अधिकारी आले, थोडीच जागा खणली गेली आणि सांगण्यात आलं की आधीच्या बांधकामांचं पुढे काही सापडत नाही. इथे बहुतेक साइट्स संपतात. फाइल बंद, खड्डे बुजवले, जमीन शेतकऱ्याला परत.

कीळडी संपलं नाही, आणि माझ्या मते त्याला कारण लोक आहेत. मदुराईचे कादंबरीकार सु. वेंकटेशन, जे पुढे २०१९ला खासदार झाले, ते सतत लिहीत बोलत राहिले, वकील कोर्टात जात राहिले, आणि सामान्य माणसाला तोपर्यंत "कीळडी" हे नाव पाठ झालं होतं. २०१८ पासून राज्याच्या पुरातत्त्व खात्याने खणायला घेतलं, तो चौथा हंगाम, त्या एका हंगामात ५,८२० वस्तू नोंदवल्या गेल्या. त्यानंतर दरवर्षी काम चालू राहिलं आणि २०२० पासून शेजारचं कोंदगै (तिथे दफनभूमी आहे), अगरम आणि मणलूर पण त्यात घेतलं.

गर्दी आली तेव्हा

सप्टेंबर २०१९ मध्ये चौथ्या हंगामाचा रिपोर्ट आला. जाड ठोकळा नाही, फोटोंची, वाचता येईल अशी पुस्तिका, तमिळमध्ये आणि इंग्रजीत. हे मला सगळ्यात हुशारीचं पाऊल वाटतं, कारण एक वर्षाच्या आत लोकांच्या भाषेत काहीतरी हातात पडलं, सविस्तर रिपोर्ट काय तो नंतर येईल तेव्हा येईल. त्या वेळी पाचवा हंगाम चालू होता, म्हणजे खड्डे उघडे होते. आणि मग रीघ लागली. शाळांच्या बसेस, कॉलेजची पोरं, मीनाक्षी मंदिराचं दर्शन करून इकडे वळलेली कुटुंबं, डोक्याला पंचा गुंडाळलेले शेतकरी, लेकरं कडेवर घेतलेल्या बायका. खात्याची तरुण मंडळी हातातलं काम ठेवून खड्ड्याच्या कडेला उभी राहून समजावायला लागली.

आता ज्यांनी कधी उत्खनन बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, की त्या काठावरून दिसतं काय. जमिनीवर दोऱ्यांची चौकट आखलेली असते, साधारण दहा मीटरचा चौकोन आणि त्याचे चार भाग, मधे मातीची न खणलेली भिंत सोडलेली, जिला हे लोक बाल्क म्हणतात. त्या भिंतीवर उभा छेद दिसतो. वरती काळपट शेताची माती, नारळाच्या मुळ्या लोंबतायत, खाली पिवळट, मग राखेचा एक पट्टा, मग खापरांचे तुकडे अर्धे आत अर्धे बाहेर, आणि प्रत्येक थराला खिळ्याने लटकवलेली चिठ्ठी, थर अमुक, खोली तमुक. सगळं शहाणपण त्या भिंतीत असतं. वस्तू नंतर काचेत कुठेही बघता येते, पण ती कुठल्या थरात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली होती हे फक्त तिथे, तेव्हाच दिसतं. एकदा खणलं की ते पान फाटलं, परत वाचता येत नाही. म्हणून शाळेच्या मुलांना म्युझियमपेक्षा चालू खड्डा दाखवणं लाखमोलाचं आहे असं माझं ठाम मत आहे, भले मग धूळ खायला लागो.

पण त्याची किंमत असते आणि ती कुणी बोलत नाही. बाल्कच्या कडेवर दहा जण उभे राहिले की कड ढासळते, आणि कड ढासळली की वरच्या थराची माती खालच्या थरात मिसळते, म्हणजे ज्याच्यासाठी सगळा खटाटोप त्यालाच सुरुंग. काम करणाऱ्याचं लक्ष उडतं. सेल्फीवाले असतात. एखादं खापर खिशात जातं. ज्यांनी नारळाची बाग हंगामापुरती दिली त्या शेतकऱ्यांच्या झाडांमधून रोज माणसांचे लोंढे. गावातल्या ज्या लोकांना खणायला रोजंदारीवर घेतलं होतं, ज्यात बायाही पुष्कळ, बघायला आलेले लोक त्यांचे पाट्या-फावड्यांसकट फोटो काढतात पण त्यांना प्रश्न विचारत नाहीत, प्रश्न सगळे पँट-शर्टवाल्याला. वास्तविक ब्रश मारता मारता मातीचा रंग बदलला हे सगळ्यात आधी त्या बाईच्या लक्षात येतं. लोकशिक्षण म्हणून कीळडीत सगळ्यात वाया गेलेली संधी कुठली असेल तर ही. गावातल्या वीस-पंचवीस जणांना जरा शिकवून त्यांनाच काठावर उभं करायला हवं होतं, पाहुण्याच्याच भाषेत बोलले असते आणि हंगाम संपल्यावर पण गावातच राहिले असते.

एक वस्तू मात्र अशी की जिथे कुणाला काही समजवायची गरजच पडत नव्हती. खापराच्या गोल घासलेल्या चकत्या, शेकड्यांनी सापडल्या. आपली ठिकरी हो, लंगडीचे चौकोन आखून पोरी खेळतात ती. तमिळनाडूत पण तोच खेळ आहे, त्यामुळे कुठलीही आजी ती चकती बघून नातवाला सांगणार की हे आम्ही पण घासून करायचो. सोन्याचे दागिन्यांचे तुकडे निघाले, हस्तिदंती फासे निघाले, "आदन" असं नाव कोरलेली खापरं निघाली, पण शाळेतल्या मुलांसाठी ठिकरीच्या तोडीचं काही नाही. (तज्ज्ञ लोक म्हणतील की सगळ्या चकत्या खेळायच्याच होत्या कशावरून, झाकणं असतील, वजनं असतील. बरोबर आहे, आणि हीच चर्चा मुलांसमोर करायला पाहिजे.)

तारखेचं काय झालं

आता घोळाकडे येतो. त्या २०१९च्या रिपोर्टमधली एक तारीख सगळ्या तमिळनाडूला पाठ झाली, इ. स. पू. ५८०. म्हणजे सव्वीसशे वर्षं. तोपर्यंत संगम काळ, म्हणजे जुन्या तमिळ काव्याचा काळ, साधारण इ. स. पू. ३०० पासून पुढे असं धरत होते, आणि आता तो एकदम सहाव्या शतकात गेला, गंगेच्या खोऱ्यात शहरं उभी राहत होती त्याच काळात वैगईवर पण साक्षर शहरी वस्ती, असा दावा. बॅनर लागले, भाषणं झाली, "आम्ही कुणाच्या मागून आलो नाही" हे वाक्य सगळीकडे.

तारीख आली कुठून? कोळशातल्या कार्बनवरून वय काढायला सहा नमुने अमेरिकेत मायामीच्या बीटा ॲनालिटिक लॅबला पाठवले होते. त्यातला ३५३ सेंटीमीटर खोलीवरचा एक नमुना ५८० दाखवतो. २०० सेंटीमीटरवरचा दुसरा इ. स. पू. २०५ दाखवतो. म्हणजे खाली जुनं, वर नवं, क्रम नीट लागतो, इथपर्यंत उत्तम. पण मग पुढे तीन गोष्टी सांगायला लागतात ज्या काठावर उभ्या माणसाला कुणी सांगितल्या नाहीत, किंवा सांगितल्या तरी बॅनरवर आल्या नाहीत. एक म्हणजे तारीख कोळशाची आहे, अक्षराची नाही, अक्षर कोरलेलं खापर आणि तो कोळसा एकाच थरातले असतील तर नातं जोडता येतं आणि ते नातं किती घट्ट आहे ते त्या बाल्कच्या भिंतीवर वाचायचं असतं. दुसरी, इ. स. पू. ८०० ते ४०० या पट्ट्यात कार्बनचा आलेख जवळजवळ सपाट जातो, जगभरची डोकेदुखी आहे ती, त्यामुळे त्या काळातला कुठलाही नमुना एका वर्षावर बोट ठेवून सांगता येत नाही, मोठा पल्ला येतो आणि आपण त्यातला एक आकडा उचलतो. आणि तिसरी, ३५३च्या खाली पण माती होतीच, म्हणजे वस्ती त्याहून जुनी निघू पण शकते. तर गंमत बघा, शंका दोन्ही बाजूंनी आहे, आकडा पुढे पण सरकू शकतो मागे पण.

हे सगळं आठवीतल्या मुलाला समजतं. मी तर म्हणतो मोठ्या माणसापेक्षा लवकर समजतं, त्याला भिंतीवरच्या दोन चिठ्ठ्या दाखवायच्या, २०० आणि ३५३, मधे दीड मीटर माती साचायला किती वर्षं लागली असतील विचारायचं, आणि गप्प बसायचं. पण लोकांना प्रवेश दिला तो खड्ड्यात, शंकेत दिला नाही. लोक येताना उत्तर घेऊन आले आणि तेच घेऊन परत गेले. तसंच कीळडीबद्दल सगळीकडे ऐकू येणाऱ्या "देवाची मूर्ती सापडली नाही" या वाक्याचं. एवढ्या छोट्या भागात खणल्यावर नाही सापडली एवढाच त्याचा अर्थ, साइटचं टेकाड ११० एकरांचं, त्यातला खणलेला भाग किती तो, पण एका बाजूने त्याचा झेंडा केला आणि दुसऱ्या बाजूने त्याच्यावर राग काढला.

आणि मग जेव्हा खरोखरची तांत्रिक चर्चा आली तेव्हा ती चर्चा म्हणून कुणी ऐकूनच घेईना. अमरनाथ रामकृष्ण यांनी पहिल्या दोन हंगामांचा ९८२ पानी रिपोर्ट जानेवारी २०२३ मध्ये दिला, २०२५च्या मे महिन्यात सर्वेक्षणाने तो दुरुस्त्या सुचवून परत पाठवला, काळाच्या विभागणीला अजून पुरावा द्या म्हणून, त्यांनी नकार दिला, पुढच्या महिन्यात त्यांची पुन्हा बदली. आता ह्यात दिल्लीचा हेतू काय होता यावर ज्याचं त्याचं मत आधीच ठरलेलं आहे, माझं पण आहे, रिपोर्ट दोन-अडीच वर्षं ठेवून घेऊन मग प्रश्न विचारणं हे मला पटत नाही. पण थर अमुक हा तमुक काळाचा का, हा प्रश्न स्वतःमध्ये चुकीचा नाही, कुठल्याही रिपोर्टला विचारला जातो. फक्त तो प्रश्न कसा विचारायचा आणि कसा ऐकायचा हे शिकलेला वाचक त्या पाच-सहा वर्षांत तयार करता आला असता, हजारो लोक स्वतःहून दारात आले होते.

म्युझियम आणि बुजवलेले खड्डे

५ मार्च २०२३ला मुख्यमंत्री स्टालिन यांच्या हस्ते कीळडीचं म्युझियम उघडलं. दोन एकरांवर, चेट्टिनाड घरांच्या धाटणीचं, सुमारे १८ कोटी रुपयांचं. याचिकेतली मागणी अशी सात वर्षांनी पूर्ण झाली म्हणायची, राज्याच्या खात्याने काढलेल्या वस्तूंपुरती तरी. ह्याचं कौतुक करायलाच हवं, जिथे निघालं तिथेच ठेवलं, भारतात हे फार कमी ठिकाणी होतं आणि होतं तेव्हा बहुतेक वेळा कुलूप लावलेली एक खोली असते.

तरी एक अडचण उरतेच. खणून झालेला खड्डा शास्त्राप्रमाणे बुजवावा लागतो, उघडा ठेवला तर पहिल्या मोठ्या पावसात विटा सुटतात, आणि जमीन शेतकऱ्याची आहे, त्याला ती परत पाहिजे. त्यामुळे हंगाम नसताना साइटवर गेलेला माणूस नारळीची बाग बघून येतो. म्युझियममध्ये वस्तू आहेत पण थर नाही. म्हणून नंतरच्या हंगामांतले काही खड्डे न बुजवता त्यांच्यावर छप्पर घालून उघड्यावरचं म्युझियम करायचं राज्याने ठरवलं. कल्पना चांगली आहे, अवघड पण तितकीच आहे. छपराने पाऊस अडतो, जमिनीखालून येणारी ओल अडत नाही, भिंती वाळून तडकतात, वाळवी येते, आजूबाजूच्या नारळाची मुळं आत घुसतात, आणि उद्घाटनाला पैसे असतात पण दहाव्या वर्षी गळणाऱ्या पत्र्याला नसतात. तुर्कस्तानात चातालह्युयुकला नऊ हजार वर्षांपूर्वीच्या कच्च्या विटांच्या भिंतींवर अशी मोठी छपरं आहेत आणि तिथेही भिंती टिकवायला माणसं सतत राबत असतात.

कोंदगैच्या दफनांतल्या दोन कवट्यांवरून मदुराई कामराज विद्यापीठाने इंग्लंडच्या लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाच्या मदतीने चेहरे तयार केले, ते २०२५ मध्ये बाहेर आले. लोकांना प्रचंड आवडले. पण त्यात हाडांवरून ठरतं ते नाक-जबड्याची ठेवण, आणि कातडीचा रंग, केस, डोळे यात अंदाज बराच असतो, आणि लोक भांडले ते नेमके रंगावरून. तिथेही तेच, चेहऱ्याच्या शेजारी "हे हाडावरून, हे अंदाजाने" असं दोन रंगांत दाखवलं असतं तर अर्धं भांडण मिटलं असतं आणि उरलेल्या अर्ध्यात काहीतरी शिकायला मिळालं असतं.

आपल्याकडे

कीळडीचा पुण्याशी थेट संबंध आहे हे फारसं कुणाला माहीत नसतं. तिथे सापडलेली हाडं तपासली ती डेक्कन कॉलेजमध्ये, गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, शिवाय नीलगाय, काळवीट, रानडुक्कर, मोर हे सगळं ओळखलं ते येरवड्याला बसून. म्हणजे वैगईकाठचा माणूस काय पाळत होता आणि कशाची शिकार करत होता हे पुण्यातल्या माणसाने सांगितलं, आणि पुण्यातल्या शाळेला त्याचा पत्ता नाही.

त्याच डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगाव खणलं, १९६८ ते १९८३. ताम्रपाषाण काळातली शेतकऱ्यांची वस्ती, शंभराहून जास्त घरं, पाटाचं पाणी, धान्याची कोठी, चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवलेलं दफन, कुठल्याही देशाने मिरवावं असं काम. वस्तू पुण्याच्या म्युझियममध्ये आहेत, नीट आहेत, पण शिरूरच्या पोराला त्या बघायच्या तर सत्तर-ऐंशी किलोमीटर यावं लागतं. अहिल्यानगर (जुनं अहमदनगर) जिल्ह्यातल्या दायमाबादची ब्राँझची शिल्पं, रथ, हत्ती, गेंडा, म्हैस, १९७४ मध्ये गावातल्याच माणसाला झाडाचं मूळ खणताना सापडली, आज ती मुंबई-दिल्लीत आहेत आणि गावात काय आहे तर त्यांच्याबद्दलच्या गोष्टी. उलट उदाहरण तेरचं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी टेकाडावरून, शेतातून, लोकांकडून वस्तू जमवल्या आणि त्या गावातच राहिल्या, आज तिथे त्यांच्या नावाचं सरकारी म्युझियम आहे. तेरला गर्दीही नाही आणि बॅनरही नाहीत, पण गावाला आपलं काय आहे ते माहिती आहे.

उद्या महाराष्ट्रात कुठे नवीन उत्खनन सुरू झालं तर कीळडीकडून मी काय उचलेन? वर्षाच्या आत मराठी पुस्तिका, शंभर टक्के. आठवड्यातले दोन दिवस लोकांसाठी ठरवून द्यायचे आणि बाकी दिवस सरळ नाही म्हणायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाल्कपासून चार फूट मागे बांबूचं कुंपण, आणि एक खड्डा खास बघायला येणाऱ्यांसाठी, जिथे काम हळूच चालेल हे धरून चालायचं. समजावायला गावातले खणणारेच, त्याची वेगळी मजुरी धरून, कारण फुकट बोलायला कुणी का उभं राहावं. झेडपीच्या मास्तरांना हंगामाच्या आधी दोन दिवस बोलवून थर वाचायला शिकवायचं, कारण मुलं परत शाळेत गेल्यावर प्रश्न त्यांनाच विचारणार. आणि काठावरच्या फळ्यावर रोज दोनच ओळी खडूने, आज काय सापडलं आणि आज काय कळलं नाही. दुसरी ओळ लिहायला अधिकारी तयार होणार नाहीत, वरून फोन येईल म्हणून. कीळडीत पण बहुधा तीच ओळ लिहायची राहून गेली. पण पारावरच्या त्या हंड्याच्या गोष्टीला उत्तर देईल ती हीच ओळ, कारण ज्या गावाला रोज सांगितलं जातं की आज हे हे कळलं नाही, ते गाव साहेबांनी काहीतरी लपवलं असं सहसा म्हणत नाही.